पेपर दुसरा : गणित-विज्ञान

कपाटाचं दार आधी वर उचलायचं आणि मग ओढायचं, हे फक्त सरांना माहीत आहे. दोन्ही हातांनी ते उचलतात, बिजागऱ्या करकरतात आणि आतून आंबूस, कोंदट वास खोलीभर पसरतो. पत्रा आतून पार गंजलाय. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीचं बूच सैल राहिलं की तिच्या वाफेने सगळ्यांत आधी कपाट खाल्लं जातं. वरच्या खणात परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं. मधल्या खणात मोरचूद, हिराकस, चुनकळी, फिनॉल्फ्थॅलिनची छोटी तपकिरी बाटली. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन ब्युरेट. त्यातल्या एकीचं टोक तुटलेलं आहे.

रविवार, 9 नोव्हेंबर 2025. पुणे-नाशिक रस्त्यापासून आत, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या हद्दीवरच्या गावातली ही शाळा. सकाळची थंडी अजून बाकांवर आहे. गाळप हंगाम सुरू झालाय, त्यामुळे बाहेरून उसाच्या ट्रॅक्टरांची धडधड अधूनमधून येते आणि खिडकीच्या काचा थरथरतात. बरोबर दोन आठवड्यांनी, 23 तारखेला, महाटीईटी, म्हणजे राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा आहे. सकाळच्या सत्रात पहिली ते पाचवीच्या शिक्षकांचा पहिला पेपर, दुपारच्या सत्रात सहावी ते आठवीचा दुसरा. या खोलीत जमलेत ते दुसऱ्या पेपरवाले, गणित-विज्ञान घेतलेले. ओतूरकडून दुचाकीवर आलेलं एक जोडपं आहे. बाई परीक्षेला बसतायत, नवरा बाहेर पारावर बाळाला घेऊन बसलाय. नारायणगावच्या द्राक्षपट्ट्यातला एक मुलगा आहे. घोडेगावच्या वर, डिंभे धरणाच्या मागच्या खोऱ्यातली एक मुलगी काल संध्याकाळीच मंचरला मावशीकडे मुक्कामाला आलीय, कारण पहाटे तिच्या वाडीतून निघायला गाडी नाही. मला बोलावलंय ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेला माणूस म्हणून. सगळे मला काका म्हणतात.

सर स्वतः परीक्षार्थी आहेत, हे पहिल्यांदा येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वय अठ्ठेचाळीस. रसायनशास्त्रात बी.एस्सी., नंतर बी.एड., आणि मग याच परिसरात सहावी ते आठवीचं विज्ञान. 2013 साली महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली, तेव्हा सर शिकवत होते. त्यांच्या भरतीच्या वेळी ही परीक्षाच नव्हती. मग यंदा 1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची निवृत्ती पाच वर्षांहून लांब आहे, अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायची. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. सरांची दहा वर्षं उरलीत. त्यांनी निकाल वाचला, अर्ज भरला आणि दर रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली खिशात घालून यायला लागले. आपल्याला अभ्यास करायचाच आहे तर पोरांनाही बोलवू, इतकंच त्यांचं म्हणणं. समोर बसलेल्यांत त्यांचे दोन जुने विद्यार्थी आहेत. आता एकाच परीक्षेला, बहुधा एकाच इमारतीत, गुरू आणि शिष्य पुढे-मागे बसणार.

"चला, घड्याळ लावा. विज्ञानाचे तीस प्रश्न, तीस मिनिटं."

खोली गप्प होते. पेनांचा आवाज, मधूनच कुणाचा तरी उसासा. या परीक्षेचा हिशोब सगळ्यांना पाठ आहे. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला 30, दोन भाषांना 30-30, गणित-विज्ञानाला 60. खुल्या गटाला 60 टक्के, म्हणजे 90 गुण हवेत. राखीव गटांना 55 टक्के. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. विज्ञानाच्या निम्म्या वाट्यात पुन्हा भौतिक, जीव, पर्यावरण आलं. रसायनाचे दहा-बारा प्रश्न आले तर पुष्कळ. खिडकीजवळ बसलेल्या एकाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने लाल शाईत मोठे आकडे लिहून ठेवलेत : 90. मागच्या खेपेला चार गुणांनी गेलं, असं तो मघाशी चहाच्या वेळी म्हणाला. जानेवारी 2020 च्या टीईटीतला गैरव्यवहार डिसेंबर 2021 मध्ये उघड झाला, त्यानंतर काही घरांत या परीक्षेवरचा विश्वासच उडाला. "अभ्यास करून पास होतात का यात?" असं त्याचे वडील विचारतात. तो उत्तर देत नाही, नुसता वही उघडून बसतो. एका घोटाळ्याने प्रामाणिक पोरांवर घरच्यांपुढेच स्वतःला सिद्ध करत राहायची वेळ आणली, हा त्या प्रकरणातला सगळ्यांत वाईट भाग आहे असं मला वाटतं.

वेळ संपतो. सर उत्तरं घ्यायला लागतात. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, विरंजक चूर्ण झटपट होतात. विश्वात सर्वाधिक आढळणारं मूलद्रव्य कोणतं, यावर खोडदच्या बाजूचा एक जण हात वर न करताच बोलतो, "हायड्रोजन. आमच्या शिवारातल्या डिशा त्याच्याच मागावर आहेत." सगळे हसतात, पण तो खरंच सांगतोय. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतल्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना रेडिओलहरी टिपतात, आणि अतिदूरच्या हायड्रोजन वायूचा शोध हा प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती दुर्बीण उभारताना डोळ्यांसमोर ठेवलेला एक मोठा हेतू होता. गाइडात हे एका शब्दाचं उत्तर आहे. त्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर ते उभं आहे.

मग तो प्रश्न येतो. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला तर काय होईल? चार पर्याय. सगळ्यांनी दुसरा पर्याय निवडलाय : खिळ्यावर तांबूस थर बसतो आणि द्रावण फिकट हिरवं होतं.

"सगळ्यांचं बरोबर," सर म्हणतात. "आता सांगा, हे डोळ्यांनी पाहिलंय कुणी?"

कुणी बोलत नाही. ओतूरच्या बाई बी.एस्सी. बी.एड. आहेत. खिडकीजवळचा मुलगाही बी.एस्सी. झालाय. सहावीपासून हा प्रश्न त्यांनी किती वेळा सोडवला असेल. द्राक्षपट्ट्यातला मुलगा मान खाली घालून पेनाचं टोपण फिरवतोय. मग हळूच म्हणतो, "सर, आमचे तात्या इळा बुडवून बघतात. ते हेच का?"

"कशात बुडवतात?"

"बोर्डोत."

पुढची दहा मिनिटं तो बोलतो आणि आम्ही ऐकतो. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाच्या खोडांवर बोर्डो मिश्रण मारायचं. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात भिजवायचं. लोखंडी पिंपात कधीच नाही. चुना वेगळा विरवायचा, गाळून घ्यायचा. मग दोन्ही एकत्र ओतत ढवळत राहायचं. आभाळासारखा रंग आला की तात्या विळ्याचं पातं त्यात बुडवतात, थोडा वेळ धरतात, बाहेर काढून उन्हात बघतात. पात्यावर तांबूस झाक आली तर आणखी चुना. नाही आली तर पंपात भरायचं. "मला वाटायचं, औषध पास झालं का ते बघतात. लहानपणापासून बघतोय. पण त्याचा आणि या प्रश्नाचा संबंध आहे हे..." तो वाक्य पुरं करत नाही.

सर खुर्चीवरून उठलेत. फळ्यावर अभिक्रिया लिहितात, मग पुसतात आणि मुलालाच खडू देतात. तूच सांग. लोखंडी पिंप का चालत नाही? तो थोडा अडखळतो, मग सांगतो : मोरचुदातलं तांबं पिंपाच्या पत्र्यावर बसेल, पत्रा विरघळेल आणि औषधातलं तांबं कमी होईल. पात्यावर तांबूस का येतं? चुना कमी पडलाय, पाण्यात अजून मोकळं तांबं आहे, लोखंड ते बाहेर ढकलतंय. आणि मोकळं तांबं राहिलं तर? "पानं करपतात," हे तो क्षणात सांगतो, कारण ते त्याने बघितलंय. फ्रान्समधल्या बोर्डो भागात 1885 च्या सुमारास मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या केवड्यावर हा उपाय जगापुढे मांडला, म्हणून मिश्रणाला त्या भागाचं नाव. तिथून ते जुन्नरच्या मांडवापर्यंत आलं आणि इथल्या शेतकऱ्याने त्याची चाचणी विळ्यावर बसवली. ही विस्थापन अभिक्रिया आहे, हे सांगायला त्याला कुणी गेलं नाही.

"करून बघू," सर म्हणतात.

एक खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला जातो. चंचुपात्रात मोरचुदाचे खडे, त्यावर पाणी, काचेच्या कांडीने ढवळणं. निळंशार द्रावण. खिळा आत सोडला जातो आणि सगळे बाक सोडून टेबलाभोवती येतात. आधी काही दिसत नाही. मग खिळ्याचा रंग बुडालेल्या टोकाकडून मळकट होतो, काळपट, आणि पाहता पाहता तांब्याच्या भांड्यासारखा लालसर. ओतूरच्या बाई वाकून बघतायत. त्यांचा आवाज एकदम बदलतो.

"पण सर, पाणी तर निळंच आहे. हिरवं कुठं झालं?"

मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. गाइडाने दिलेलं बरोबर उत्तर आणि समोरचं चंचुपात्र यांत फरक पडला तेव्हा त्यांनी चंचुपात्राची बाजू घेतली. आठवीतलं एखादं चुणचुणीत पोरगं हाच प्रश्न विचारणार, आणि ज्या शिक्षकाने प्रयोग केलेला नाही तो त्याला "पुस्तकात तसं आहे" म्हणून खाली बसवणार. सर मला खूण करतात. मी सांगतो. द्रावण गडद आहे, त्यात तांबं खूप आहे, खिळा एवढासा. त्याचा पृष्ठभाग तांब्याने झाकला की काम मंदावतं. रंग पालटलेला बघायचा असेल तर द्रावण फिक्कं घ्यायचं, खिळे जास्त घ्यायचे, किंवा लोहकीस टाकून ढवळत राहायचं, आणि वाट बघायची. ते लगेच दुसरं चंचुपात्र घेतात. या वेळी मोरचूद चिमूटभर आणि लोहकीस भरपूर. ते ढवळायचं काम खिडकीजवळच्या मुलाकडे जातं. त्याची लाल शाईची वही बाकावर तशीच उघडी राहते.

या सगळ्यात मागच्या बाकावर एक ताई शांतपणे बसलीय. ती टीईटीला बसत नाही. एम.एस्सी. रसायनशास्त्र, वर बी.एड. आसपासच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि सेटची तयारी करतेय. सहायक प्राध्यापक व्हायला लागणारी ती पात्रता परीक्षा, पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. तिच्यात पहिला पेपर सामान्य, पन्नास प्रश्नांचा; दुसरा शंभर प्रश्नांचा आणि पूर्ण रसायनाचा. बसलेल्यांपैकी सहा टक्केच पात्र ठरतात. तिच्यासमोर गट सिद्धांताच्या सममितीच्या आकृत्या पसरल्यात. मी तिला विचारतो, शाळेच्या पोरांत येऊन काय मिळतं? ती म्हणते, इथे कुणीतरी विचारतं.

सर तिला पुढे बोलावतात. "ताई, लोखंडच तांब्याला का ढकलतं, उलट का नाही? आठवीच्या पोराला सांगायचंय."

ती फळ्याकडे वळते आणि सवयीने लिहिते : लोखंडाचं प्रमाण विभव उणे 0.44 व्होल्ट, तांब्याचं अधिक 0.34. लिहून झाल्यावर स्वतःच थांबते. आठवीत विभव नाही. क्रियाशीलता श्रेणी सांगावी तर तो पुन्हा पाठ करायचा तक्ता. ती पुसते, विचार करते, अर्धं वाक्य बोलते, परत थांबते. खोलीत कुणी तिला घाई करत नाही. शेवटी ती खिळा हातात घेते आणि सांगते की लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन सोडून द्यायला जास्त तयार असतो. तांब्याचा आयन ते घ्यायला जास्त तयार असतो. लोखंड देऊन पाण्यात उतरतं, तांबं घेऊन खिळ्यावर येऊन बसतं. "दोघांची अदलाबदल. पाण्यात होतं ते वर, वर होतं ते पाण्यात." डिंभ्याकडची मुलगी ते शब्दशः लिहून घेते. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत हे सांगणं सोपं असेल, आठवीत सांगणं अवघड आहे. ताईच्या कपाळावर घाम आलाय आणि चेहरा खुललाय.

याच ताईने या वर्षी मे-जूनमध्ये टेट दिली आणि पाठोपाठ 15 जूनला सेट. टीईटी आणि टेट यांत बाहेरच्यांचा नेहमी गोंधळ होतो. टीईटी पात्रतेची. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे प्रश्न, दोन तास, संगणकावर; तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून भरती होते. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचं असेल तर टीईटी लागत नाही, पदव्युत्तर पदवी, बी.एड. आणि टेटचे गुण लागतात. टेटमध्ये अभियोग्यतेचे 120 प्रश्न, बुद्धिमत्तेचे 80. अंकमालिका, दिशा, नातेसंबंध, भाषा, सामान्य ज्ञान, अध्यापन अभियोग्यता. रसायनशास्त्राचा स्वतंत्र विभागच नाही. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात सल्फ्युरिक आम्लाची बाटली ज्याच्या हातात द्यायची, त्याची निवड करणारी गुणपत्रिका त्याला आम्ल पाण्यात ओतायचं की पाणी आम्लात, हे विचारत नाही. पदवी आहे ना, असं यावर कुणी म्हणेल. पदवीच्या प्रात्यक्षिकांना पोरं गटाने उभी असतात, हे प्रत्येकाला माहीत आहे. एक जण ब्युरेट धरतो, बाकीचे वाचनं लिहून घेतात.

याचा पुरावा साडेअकराला मिळतो. सर शाबूत असलेली ब्युरेट स्टँडला लावतात. शंकुपात्रात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. प्रत्येकाने एकट्याने करायचं. खिडकीजवळचा मुलगा तोटी उजव्या हाताने पकडतो आणि शंकुपात्र डाव्याने. मी त्याला उलटं करायला सांगतो : डावा हात तोटीवर, मागून वळवून, उजवा हात भांडं गोल हलवायला. पहिल्या फेरीत तो एकदम सोडतो आणि शंकुपात्र भडक गुलाबी होतं. दुसऱ्या फेरीत सावध, शेवटी शेवटी एकेक थेंब. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो, हलवलं की विरतो. पुन्हा थेंब, पुन्हा विरतो. मग एक थेंब पडतो आणि रंग विरत नाही. अगदी फिकट, पांढऱ्या कागदावर ठेवूनच कळेल इतका. तो श्वास रोखून बघतो. "झालं?" झालं. उदासिनीकरण झालं. हा शब्द त्याने इतक्या वेळा लिहिलाय, आणि तो एका थेंबाच्या अंतरावर असतो हे त्याला आज कळतंय. मी कारखान्यात उसाच्या रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन सामू सातच्या आसपास आणायचं काम केलंय. तिथेही सगळं त्या अखेरच्या थोडक्यातच असतं. पुढे गेलं तर साखर काळवंडते, मागे राहिलं तर रसातली साखर फुटते.

जेवणाचे डबे उघडतात. पिठलं, भाकरी, मेथीची भाजी, कुणाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी. बाळ आत येऊन आईच्या मांडीवर बसतं. बोलणं परीक्षा केंद्राकडे वळतं. पुण्यात पडेल असं सगळे धरून चाललेत. नारायणगाववरून पुणं पंच्याहत्तर किलोमीटर. चाकणला गाडी अडकली तर किती वेळ लागेल सांगता येत नाही. दुपारचा पेपर आहे म्हणून बरं. डिंभ्याकडच्या मुलीला मात्र आदल्या दिवशीच निघावं लागणार.

ती जेवण झाल्यावर पिशवीतून एक पुडी काढते. बाळहिरडा. तिच्या खोऱ्यात, भीमाशंकर-आहुपेच्या बाजूला, महादेव कोळी घरांत उन्हाळ्यात हिरडा गोळा करून वाळवतात. वर्षाचा मीठ-मिरचीचा खर्च त्यावर निघतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात त्या भागातली कितीतरी झाडं मोडली, मुळासकट उपटली. तिच्या घरचीही. उरलेल्या झाडांचा हा हिरडा. मागच्या रविवारी सरांनी सांगितलं होतं, प्रत्येकाने आपल्या गावातलं एक रसायन आणायचं. बाकीचे विसरलेत.

हिरडा कुटला जातो, पाण्यात उकळला जातो. पिवळसर तपकिरी काढा गाळून परीक्षानळीत घेतात. दुसऱ्या नळीत हिराकशीचं, म्हणजे फेरस सल्फेटचं फिकट हिरवट पाणी. दोन्ही एकत्र ओतताच रंग गर्द निळा-काळा होतो आणि खोलीत एकच "अरे!" उठतो. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह. जुनी शाई अशीच व्हायची. ती मुलगी काडी बुडवून कागदावर स्वतःचं नाव लिहिते. अक्षरं करडी उमटतात, आणि आम्ही बोलत असताना हळूहळू काळी होत जातात. का? इथे ताई आणि सर दोघे एकदम पुढे येतात. फेरस लोह हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होतं आणि टॅनिनबरोबरचं त्याचं संयुग जास्त गडद असतं, कागदाच्या धाग्यांत घट्ट बसतं. ऑक्सिडीकरण आठवीच्या मुलाला डोळ्यांनी दाखवायचं, तर याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही. जुन्नरात एके काळी हातकागद तयार व्हायचा, जुन्नरी कागद म्हणून तो नावाजलेला होता. डोंगरात हिरडा आणि खाली कागद. लिहायचं सामान याच तालुक्यात होतं.

"मॅडम, हे तुम्ही तुमच्या शाळेत घ्या," सर त्या मुलीला म्हणतात. ती अजून मॅडम झालेली नाही. ती काही बोलत नाही, कागद वहीत ठेवते.

दुपारी अध्यापनशास्त्राचे प्रश्न. पियाजे, व्हायगॉट्स्की, ब्रुनर. "विद्यार्थ्याच्या पूर्वानुभवाशी नवीन संकल्पना जोडणे" असा पर्याय असलेला प्रश्न येतो. द्राक्षपट्ट्यातला मुलगा पर्याय वाचून थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे इळा." या प्रश्नात यंदा तो चुकणार नाही. मला मात्र राहून राहून वाटतं की त्याला हा प्रश्न चार पर्यायांत विचारला जाईल, आणि "तुझ्या वर्गासमोर उभा राहून विळ्याचा धडा घे" असं त्याला टीईटीत कुणी म्हणणार नाही. चाचणी नको असं मी म्हणत नाही. लाखो उमेदवारांची चाळणी कागदावरच होणार. पण विज्ञान शिक्षकाच्या पात्रतेत एक प्रयोग हाताने करून आणि एक समजावून सांगणं असलंच पाहिजे. नर्स, वायरमन, वाहनचालक, सगळ्यांचं काम करवून बघितलं जातं. मुलांच्या हातात आम्ल देणाऱ्याचंही बघावं.

चार वाजतात तशी आवराआवर सुरू होते. ऊस उभा आहे तोवर इथे अंधारात दुचाकीवर कुणी फिरत नाही. बिबट्याचे हल्ले ताजे आहेत आणि जुन्नर वन विभागातली माणसं सध्या दिवस मावळायच्या आत दार लावतात. ओतूरचं जोडपं आधी निघतं. लोहकिसाचं चंचुपात्र टेबलावर आहे. तळाशी तांबूस गाळ बसलाय आणि वरच्या पाण्यातला निळा जाऊन फिक्कट हिरवट झाक आलीय. ढवळणारा मुलगा ते उचलून खिडकीशी नेतो, दोनदा बघतो आणि वहीत लिहितो : दुसरा पर्याय, पाहिला. सर बाटल्यांची बुचं एकेक दाबून बसवतात, ब्युरेट धुऊन उलटी लावतात, दार उचलून ढकलतात आणि किल्ली खिशात टाकतात.

परीक्षेला अजून एक रविवार आहे, 16 नोव्हेंबरचा. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव इथे विज्ञान शाखेची महाविद्यालयं आहेत, आणि गावोगावच्या माध्यमिक शाळांत असं एक कपाट आहे. परीक्षेआधीच्या अशा रविवारी मुख्याध्यापकांनी, प्राचार्यांनी प्रयोगशाळा चार तास उघडी ठेवावी. सेवानिवृत्त रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आणि कारखान्यांतल्या, दूध संघांतल्या केमिस्टांनी तिथे येऊन बसावं. मोरचूद, चुना, हिराकस बाजारात मिळतं, फार खर्च नाही. उमेदवारांनी लाजू नये, येऊन विचारावं. आमच्या इथे सकाळी नऊला कपाट उघडतं.